मागे वळून बघणारी

बडेसाबनं दोन्ही पिल्लं मानगुटीला धरून उचलली आणि वीरभद्रप्पांच्या पायांपाशी सोडली. एक सुटलं ते थेट फाटकाकडे पळालं. दुसरं चार उड्या मारून थांबलं आणि मान वळवून उभ्या माणसांकडे बघत राहिलं.

"बघितलं न्हवं?" बडेसाब म्हणाला. "पळाला तो नर. थांबली ती मादी. नर शिकारीकडं बघतो आप्पा, मादी मागं वळून मालकाकडं बघती. माझं ऐका, मादी न्या."

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यांमागे बडेसाबचं पत्र्याचं घर होतं आणि घराच्या पाठीला कुत्र्यांचं कुंपण. लांब तोंडाची, खोल छातीची, पोट पाठीला लागलेली कारवान जातीची कुत्री तो बापाच्या वेळेपासून पाळत आला होता. पूर्वी लोक ती सशांच्या शिकारीला न्यायचे. शिकारीला बंदी आली, पण रानडुकरांनी पिकं नासवायला सुरुवात केल्यापासून बडेसाबच्या दारात शेतकऱ्यांची वर्दळ वाढली होती. वीरभद्रप्पा त्यांतलेच. वळसंगच्या शिवारात ओढ्याकाठी त्यांचं रान होतं आणि गेल्या साली निम्मा मका डुकरांनी लोळवला होता. रोज इष्टलिंगाची पूजा करणाऱ्या शाकाहारी माणसानं दारात शिकारी कुत्रं बांधावं का, यावर त्यांनी बरेच दिवस घातले होते. शेवटी मारायला नाही, नुसतं हाकलायला, अशी स्वतःची समजूत घालून ते बायकोला, बसव्वाला, घेऊन आले होते.

ते उकिडवे बसले. मादीनं येऊन त्यांचं बोट हुंगलं, मग चाटलं. त्यांनी हसून बसव्वाकडे बघितलं.

"नर घ्या," बसव्वा म्हणाली.

ती लग्न होऊन आली तेव्हा सासरी एक गावठी कुत्री होती. दर वेताला ती गोठ्यात व्यायची, आणि पिल्लांचे डोळे उघडायच्या आत सासू बसव्वाच्या हातात टोपली द्यायची. लांब सोडून ये, म्हणायची. घरातल्या दुसऱ्या कुणाच्यानं ते होत नसे. नव्या सुनेला नाही म्हणता येत नसे. हमरस्त्यावर धाब्याच्या मागे बसव्वा पिल्लं ठेवून यायची, कुणीतरी तुकडा टाकील म्हणून. एकदा दुसऱ्या दिवशी एसटीतून सोलापूरला जाताना तिनं खिडकीतून खाली डांबरावरची पिल्लं बघितली, आणि पुढे कधी त्या बाजूच्या खिडकीशी ती बसली नाही. त्याहून अवघड होतं ते घरी परत येणं. कुत्री गोठा हुंगायची, कणगीच्या मागे बघायची, विहिरीपर्यंत जाऊन यायची आणि दमली की बसव्वाच्याच मांडीवर डोकं टेकायची. तिच्या हाताला पिल्लांचा वास येत असणार.

हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. आताही नाही सांगितलं. मादीचा व्याप माझ्यानं निघायचा नाही, एवढंच म्हणाली.

बडेसाबनं आणखी एकदा मादीचे गुण गायले. वीरभद्रप्पांनी बोट धोतराला पुसलं आणि उठले. बसव्वा सहसा काही मागत नसे, आणि मागितलं तर का म्हणून विचारायची त्यांना सवय नव्हती. "बरं, नर द्या," ते म्हणाले. वडापच्या जीपमध्ये पिल्लू त्यांच्या मांडीवर होतं. वळसंग येईपर्यंत ते त्याच्याशी कानडीत बोलत होते.

सुलतान हे नाव बडेसाबनंच ठेवलेलं. तेच राहिलं. बसव्वा शहरातल्या दुकानांसाठी कडक भाकरी करून द्यायची. ज्या भाजताना मोडायच्या त्या दुधात भिजवून सुलतानला. त्या भाकरीवर तो असा वाढला की वर्षाच्या आत त्याची पाठ वीरभद्रप्पांच्या मांडीला लागली. पळायला लागला की पाय दिसायचे नाहीत, रानावरून नुसती एक करडी रेघ गेल्यासारखी वाटायची. शेजारच्या रानातले लोक काम सोडून बांधावर येऊन बघत.

वीरभद्रप्पांकडे आयुष्यात कुणी असं थांबून बघितलं नव्हतं. जत्रेत, लग्नात, सोसायटीच्या मिटिंगला, कुठेही गेले तरी ते मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसणारे. आता वळसंगच्या बाजारात पोरं त्यांना 'सुलतानचं आप्पा' म्हणायची. घरी आल्यावर ते हे बायकोला सांगत आणि सांगताना टोपी काढून पुन्हा घालत. एकदा जेवताना म्हणाले, "तू म्हणालीस ते बेस झालं बघ. नरच पायजे होता." बसव्वानं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी घातली.

दुसऱ्या वर्षी मका चांगला आला. कणसं भरत आली आणि डुकरं पुन्हा ओढ्याकडून यायला लागली. त्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला मका खसखसायला लागला तसे वीरभद्रप्पा काठी घेऊन निघाले. सुलतान त्यांच्या आधीच अंगण ओलांडून गेला होता. बसव्वानं चूल पेटवली. रानातून त्यांची हाळी ऐकू आली, डुकरांचा चीत्कार ऐकू आला, मग सगळं ओढ्यापलीकडे लांब गेलं. नेहमी असंच व्हायचं. थोड्या वेळानं ते परत यायचे, अंघोळ करून पूजेला बसायचे.

पीठ मळून झालं तरी ते आले नाहीत, तेव्हा ती तशीच पिठाच्या हातानं रानात गेली.

मक्याच्या कडेला बांधाशी टेकून ते बसले होते. दोन्ही हातांनी मांडी आवळून धरली होती आणि खाली सरीत रक्ताचं थारोळं झालं होतं. सगळी लहान-मोठी डुकरं पुढून बाहेर पडली, सुलतान त्यांच्या मागे गेला, आणि मागे राहिलेला मोठा सुळ्यांचा डुक्कर मक्यातून सरळ त्यांच्या अंगावर आला होता. एकदा फाडून तो थांबला नव्हता, वळून पुन्हा आला होता. बसव्वानं लुगड्याचा पदर फाडून बांधला. मोठ्यानं हाका मारल्या. शेजारच्या रानातून दीर शिवयोगी धावत आला.

"सुलतान आला का?" वीरभद्रप्पांनी विचारलं. ते एवढंच बोलले. दवाखान्यात नेणारी जीप सोलापूरच्या वेशीला लागायच्या आत त्यांचा हात तिच्या हातात जड झाला.

त्यांना घरी आणलं तेव्हा सुलतान अंगणात बसला होता. तोंड लाल झालेलं, जीभ बाहेर. पायांपाशी डुकराचं एक मेलेलं पिल्लू. माणसं आलेली बघून त्यानं शेपूट हलवलं.

तिसऱ्या दिवशी बडेसाब बसायला आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. अंगणातल्या माणसांत मांडी घालून बसला, डोळे पुसले, आणि सुपारी फिरायला लागल्यावर म्हणाला, "मी बोललो होतो, मादी न्या. मादी असती तर सोडून गेली नसती. आप्पांचंबी मन मादीवर होतं."

"मग नर कुणी घेतला?" शिवयोगीनं विचारलं.

बडेसाबनं नुसतं घराच्या दाराकडे बघितलं. दाराच्या आत बायकांमध्ये बसव्वा बसली होती.

तेवढं पुरलं. शिवयोगीकडून ते भावकीत गेलं, भावकीतून पाणवठ्यावर. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. फक्त बसव्वा आली की बायकांचं बोलणं थांबायचं आणि कुणीतरी पावसाचा विषय काढायचं. मुलगा महेश्वर सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात होता, आठवड्याला यायचा. दिवसकार्य झाल्यावर त्यानं एकदाच विचारलं.

"अव्वा, आप्पाला मादी पायजे होती?"

"व्हय."

"आन् तू नको म्हणालीस?"

"व्हय."

का, हे त्यानं विचारलं असतं तर तिनं टोपलीपासून सगळं सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही. पुढे तो आला की ताट स्वतःच वाढून घ्यायचा. तिनं भाकरी पुढे केली तर म्हणायचा, असू दे, आहे.

सुलतानला साखळीला बांधून ठेवलं होतं. शिवयोगी येता-जाता म्हणायचा, हे कशाला जगवलंय, भावाला खाल्लं ह्यानं. बसव्वा त्याला भाकरी घालत राहिली, पण आता दुधात भिजवत नव्हती. कधीकधी त्याच्यासमोर बसून विचार करायची. ती मादी असती तर. थांबली असती, मागे वळून बघितलं असतं, डुकराच्या आडवी गेली असती. निदान भुंकली तरी असती. चुलीपाशी बसलेल्या माणसाला भुंकणं ऐकू गेलं असतं. रात्र रात्र ती मादी तिच्या मनात बांधावर उभी राही आणि वीरभद्रप्पांकडे बघत राही.

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात तिनं ठरवलं. महेश्वर घरी होता. बडेसाब कुत्रं परत घेतो का विचारून येते, असं त्याला सांगून ती सकाळच्या वडापनं निघाली. ते खोटं नव्हतं. पण तिला जे विचारायचं होतं ते दुसरं होतं.

बडेसाबच्या बायकोनं, कमरबीनं, तिला ओळखलं. हात धरून आत नेलं, पाणी दिलं, आणि घरवाले गिऱ्हाइकाशी बोलतायत, बसा जरा, म्हणून मागच्या पडवीत बसवलं. पडवी आणि कुंपण यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा होता. पलीकडे कुणी वैरागकडचे बाप-लेक पिल्लं बघायला आले होते. त्यांना नर हवा होता. नर आधीच बोलले गेलेत, असं बडेसाब सांगत होता.

"आन् माझं ऐकाल तर नर नकोच. नर शिकारीकडं बघतो भाऊ, मादी मागं वळून मालकाकडं बघती."

बसव्वानं पेला खाली ठेवला.

"वळसंगला माझं एक गिऱ्हाईक होतं," बडेसाब पुढे बोलत होता. "लई देवमाणूस. मी सांगत होतो मादी न्या म्हणून. बायकोनं ऐकलं न्हाय. डुकरानं फाडला की माणूस, आन् नर गेला पळून. मादी असती तर आज जिवंत असता."

कमरबीनं बसव्वाकडे बघितलं आणि मान खाली घातली. पडदा सारून सांगायला ती उठलीही, पण बसव्वानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. बाप-लेकांनी मादी घेतली. फटफटीचा आवाज लांब जाईपर्यंत दोघी बायका तशाच बसून होत्या.

बडेसाब आत आला आणि दारातच उभा राहिला.

"भाई," बसव्वा म्हणाली, "हे तुमी समद्यांस्नी सांगता?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. पासष्टीचा माणूस, गुडघे दुखत होते, बसायला वेळ लागला. त्यानं सांगितलं ते असं. नर बहुधा पोटात असतानाच विकले जातात. माद्या कुणी नेत नाही. प्रत्येकाला तोच व्याप नको असतो. मग त्या इथेच राहतात, खातात, वितात, पुन्हा माद्याच होतात. काहीतरी बोलून त्या खपवाव्या लागतात. हे वाक्य त्याच्या बापाचं होतं.

"मला एक खरं सांगा. मादी थांबली असती?"

"अक्का, जाऊ द्या की आता."

"सांगा. मी त्याच्यासाठी आलेय."

बडेसाबनं कुंपणाकडे बघितलं. मग म्हणाला, "ह्या जातीचं कुत्रं वासावर चालत न्हाय, नजरंवर चालतं. जे पळतं तेवढंच त्याला दिसतं. खाली पडलेला मालक त्याला दिसतच न्हाय. नर काय, मादी काय, डोळं एकच."

"त्या दिवशी ती थांबली होती. मागं वळून बघितलं होतं तिनं."

"पिल्लू होतं ते, अक्का. पिल्लू कुटंबी थांबतं."

बसव्वाच्या छातीत इतके महिने जे अडकून बसलं होतं ते सुटलं, पण तिला हलकं वाटलं नाही. आत नुसतं पोकळ झालं. तिनं पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, की एकदा वळसंगला या. माझ्या पोराला एवढं सांगा. दुसऱ्या कुणाला नको, फक्त पोराला.

बडेसाब गुडघे चोळत राहिला. कमरबी म्हणाली, "जाओ ना जी. उसका बच्चा है." कुंपणात सात-आठ माद्या अंग टाकून पडल्या होत्या, एकीच्या पोटाला पिल्लं लोंबत होती. त्यांच्याकडे बघतच तो शेवटी म्हणाला, "वळसंगला बोललो की संध्याकाळी बाजारात होतंय. मग ह्यांना कोण नेणार? मी किती दिवस पोसू?" मग म्हणाला, "सुलतानला आणा. त्याला ठेवून घेतो मी. म्हातारा होईपर्यंत ठेवतो. तेवढं करतो."

कमरबी तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

परतीच्या जीपमध्ये बसव्वानं मनाशी घोळवून बघितलं, आपणच महेश्वरला सांगावं का. बडेसाब म्हणाला, मादी असती तरी तेच झालं असतं. आपल्याच तोंडून ते कसं ऐकू येईल हे तिला कळत होतं. कोर्टात आरोपीनं स्वतःच साक्ष द्यावी तसं. तिनं तो विचार सोडला. उद्या टेम्पो बघून सुलतानला पोचवायचं, एवढंच ठरवलं.

ती अंगणात आली तेव्हा साखळी जमिनीवर पडली होती. महेश्वर ओट्यावर बसला होता. त्यानं वर बघितलं नाही.

"कुटं हाय?"

"काका आला होता."

त्यानं पुढचं हळूहळू सांगितलं. शिवयोगीनं फवारणीचं औषध आणलं होतं. भाकरीला लावून घातलं. "मी नको म्हणलो न्हाय," महेश्वर म्हणाला. "मी हितंच बसलो होतो." मग काकानं त्याला ओढत नेऊन ओढ्यात टाकलं.

बसव्वानं दुरडीकडे बघितलं. सकाळी मोडलेल्या भाकऱ्या तिनं बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या नव्हत्या. तिच्या हातची भाकरी होती म्हणून त्यानं हुंगलीसुद्धा नसेल.

तिनं गोठ्यातून कुदळ आणि एक रिकामं पोतं घेतलं आणि ओढ्याकडे गेली. तो कोरड्या वाळूत पडला होता, चारी पाय ताणलेले, जसा पळताना असायचा तसाच. तोंडाला फेस सुकला होता. तिनं तो पदरानं पुसला. मग त्याला पोत्यावर घेऊन काठावर ओढत आणलं. एवढ्या मोठ्या कुत्र्याचं वजन काहीच नव्हतं.

काळी माती वाळून दगडासारखी झाली होती. कुदळ पडायची आणि उडून वर यायची. तिनं नवऱ्यासाठी रडून घेतलं होतं, ह्याच्यासाठी तिला रडू येत नव्हतं. ती नुसती खणत राहिली. ऊन कलतीला लागलं तरी खड्डा घोट्याएवढाच झाला होता. हाताला फोड आले, फुटले.

मागे पावलं वाजली. महेश्वर फावडं घेऊन उभा होता. त्यानं कुदळीसाठी हात पुढे केला.

बसव्वानं कुदळ दिली नाही.

"आप्पाला मादी पायजे होती," ती म्हणाली. "मी नको म्हणलं. ते खरं हाय. त्याच्या पुढचं जे लोक बोलत्यात ते कुणालाच म्हाईत न्हाय. बडेसाबलाबी न्हाय."

महेश्वरनं पोत्यावरच्या कुत्र्याकडे बघितलं. "का नको म्हणालीस?" त्यानं विचारलं.

ती खड्ड्याच्या एका बाजूला सरकली आणि त्याला समोर जागा करून दिली. तो उतरला. तिनं कुदळ मारायची, त्यानं सुटलेली माती फावड्यानं वर ओढायची, असं सुरू झालं. खणता खणता, वर न बघता, बसव्वानं सासूच्या टोपलीपासून सांगायला सुरुवात केली. महेश्वर ऐकत होता की नाही हे तिला दिसत नव्हतं. फावडं मात्र चालू होतं.

सांगून संपलं तेव्हा खड्डा गुडघ्यापर्यंत गेला होता. महेश्वरनं कपाळ पुसलं आणि पोत्याकडे हात नेला.

"थांब," बसव्वा म्हणाली. "आणखी खोल जाऊ दे. न्हायतर गावातली कुत्री उकरत्यात."

आणि तिनं पुन्हा कुदळ उचलली.